करार मोठा की संसद? स्वाक्षरी, अनुसमर्थन आणि माघार यांचा नेमका परिणाम काय

शोधयात्री (प्रश्न)

आंतरराष्ट्रीय करारांचा विषय निघाला की दोन टोकाची विधानं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे 'सही केली, सार्वभौमत्व गेलं'. दुसरं म्हणजे 'आंतरराष्ट्रीय कायद्याला पोलीस नाहीत, त्यामुळे तो निव्वळ कागद'. दोन्हींवर माझं समाधान होत नाही. मला यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे:

१. देश नेमका कधी बांधला जातो? सही केल्यावर, अनुसमर्थन (सहीनंतर देशाने दिलेली अंतिम, अधिकृत संमती) दिल्यावर, की संसदेने कायदा केल्यावर?
२. देशाचा कायदा आणि करार यांच्यात विरोध आला तर कोण वरचढ?
३. पुढच्या सरकारला तो करार नको असेल तर बाहेर पडता येतं का, आणि बाहेर पडल्यावर खरंच सुटका होते का?

शक्यतो कलमं आणि खटले सांगा. राजकीय भाषणं भरपूर ऐकून झाली आहेत.

---

कलमवाचक

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. 'कोण वरचढ' याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असतात. हा प्रश्न तुम्ही कोणत्या न्यायालयात विचारता यावर उत्तर ठरतं.

देशाबाहेरच्या न्यायासनापुढे उत्तर ठाम आहे. करारांच्या कायद्याविषयीचं व्हिएन्ना कन्व्हेन्शन (१९६९ चं, २७ जानेवारी १९८० पासून लागू) कलम २६ मध्ये सांगतं की लागू झालेला करार पाळलाच पाहिजे, आणि कलम २७ मध्ये सांगतं की आपल्या देशांतर्गत कायद्याकडे बोट दाखवून करारभंगाचं समर्थन करता येत नाही. 'आमच्या संसदेने तसा कायदा केला' हे तिथे स्पष्टीकरण असतं, बचाव नसतो.

देशाच्या आत मात्र न्यायाधीश आपल्या संविधानाने बांधलेला असतो, आणि प्रत्येक संविधानाची पद्धत वेगळी. नेदरलँड्सच्या संविधानाचं कलम ९४ असं आहे की सर्वांना थेट बंधनकारक असलेल्या करारातील तरतुदीशी विसंगत कायदा लागूच करायचा नाही. फ्रान्समध्ये कलम ५५ प्रमाणे रीतसर मंजूर आणि प्रसिद्ध झालेला करार कायद्याच्या वर असतो, पण समोरच्या देशानेही तो पाळला पाहिजे ही अट आहे. ब्रिटन आणि भारतात करार आपोआप कायदा होत नाही. संसदेने वेगळा कायदा करावा लागतो. भारतीय संविधानाचं कलम २५३ संसदेला त्यासाठी अधिकार देतं, अगदी राज्यसूचीतल्या विषयावरसुद्धा.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण संघराज्यांत नेमकं इथेच अडतं. कॅनडाने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि किमान वेतनाविषयीचे कामगार करार मान्य केले, संघीय संसदेने कायदेही केले. १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे कॅनडासाठी तेव्हाच्या अंतिम अपील न्यायासनाने, ते कायदे रद्द ठरवले, कारण विषय प्रांतांच्या अखत्यारीतले होते आणि करार केल्याने संघाचे अधिकार वाढत नाहीत. म्हणजे जगापुढे बांधलेला कॅनडा आणि घरात हात बांधलेली त्याची संघीय संसद, दोन्ही एकाच वेळी.

या दोन पातळ्यांमधली दरी किती महाग पडू शकते ते मेडेलीन खटल्यात दिसतं. अटक झालेल्या परदेशी नागरिकाला त्याच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे हे सांगायचं बंधन अमेरिकेने करारान्वये स्वीकारलं होतं. ते पाळलं गेलं नाही म्हणून मेक्सिकोने खटला भरला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ५१ मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत भंग झाल्याचं मान्य करून त्यांच्या शिक्षांचा फेरविचार करायला सांगितलं. त्यातल्या मेडेलीनचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायालय म्हणालं की निकाल अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय पातळीवर बंधनकारक आहे, पण काँग्रेसने कायदा केल्याशिवाय टेक्सासच्या न्यायालयांवर नाही. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानेही ते होणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाशीची शिक्षा अंमलात आली. अमेरिकेने निकाल मोडला हेही खरं, आणि अमेरिकी न्यायालयाने अमेरिकी कायदा पाळला हेही खरं.

आता पहिला प्रश्न. साधारणपणे सही म्हणजे मजकूर मान्य. बांधिलकी येते ती अनुसमर्थनाने. पण सहीला अजिबात वजन नसतं असं समजू नका. व्हिएन्ना कन्व्हेन्शनच्या कलम १८ प्रमाणे सही केलेल्या देशाने कराराचा हेतूच हाणून पाडेल असं काही करायचं नसतं, जोवर तो 'आम्ही पक्षकार होणार नाही' असं स्पष्ट सांगत नाही. अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीवर ३१ डिसेंबर २००० रोजी सही केली आणि मे २००२ मध्ये नेमकं असं सांगणारं पत्र पाठवलं, ते याच कलमामुळे.

आणि एक फट, जिच्यात खरोखर मोठे देश पडले आहेत: तात्पुरती अंमलबजावणी. काही करारांत सही झाल्यापासून, अनुसमर्थन येईपर्यंत, करार तात्पुरता लागू धरायचा असं कलम असतं. रशियाने १९९४ मध्ये एनर्जी चार्टर या ऊर्जाक्षेत्रातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या करारावर सही केली, अनुसमर्थन कधीच दिलं नाही. तरीही युकोस या रशियन तेल कंपनीच्या भागधारकांनी त्याच तात्पुरत्या अंमलबजावणीच्या कलमावर दावा लावला आणि २०१४ मध्ये लवादाने सुमारे ५० अब्ज डॉलरचा निवाडा दिला. पुढे नेदरलँड्सच्या न्यायालयांत त्यावर दहा वर्षांहून अधिक काळ झगडा चालला. संसदेपर्यंत न पोचलेल्या कागदावर एवढं उभं राहू शकतं.

---

सीमारेषा

कलमवाचक यांच्या उत्तराला एक जोड. 'संसदेची मंजुरी नव्हती, म्हणून करार अवैध' हा युक्तिवाद लोक फार विश्वासाने करतात. तो जवळजवळ कधीच चालत नाही.

व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं कलम ४६ अशी सूट देतं खरं, पण दोन अटींवर: मोडलेला अंतर्गत नियम मूलभूत महत्त्वाचा हवा, आणि तो मोडल्याचं समोरच्या देशाला उघड दिसायला हवं. नायजेरियाने कॅमेरूनविरुद्ध हाच मुद्दा मांडला होता. १९७५ मध्ये दोन्ही राष्ट्रप्रमुखांनी मारुआ इथे सागरी सीमेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नायजेरियाचं म्हणणं, आमच्या सर्वोच्च लष्करी परिषदेने त्याला संमती दिलीच नव्हती. २००२ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते फेटाळलं. राष्ट्रप्रमुखाच्या अधिकारावरची मर्यादा व्यवस्थित प्रसिद्ध केलेली नसेल तर ती 'उघड' नाही, आणि शेजारच्या देशाच्या संविधानात काय बदललं यावर नजर ठेवायचं बंधन कुणावर नाही, असं न्यायालय म्हणालं. कलम ७ प्रमाणे राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना वेगळं अधिकारपत्र लागत नाही. त्यांची सही हीच देशाची सही.

कागदाच्या नावाचाही उपयोग नाही. कतार आणि बहारीनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी डिसेंबर १९९० मध्ये एका बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या केल्या. बहारीनच्या मंत्र्यांनी नंतर सांगितलं की करार करायचा आपला हेतूच नव्हता. १९९४ मध्ये न्यायालयाने मनातला हेतू बाजूला ठेवून मजकूर पाहिला: त्यात जबाबदाऱ्या लिहिल्या होत्या, म्हणून तो करार. तेव्हा 'जाहीरनामा', 'समझोता', 'इतिवृत्त' अशा मथळ्यांवर जाऊ नये. बंधन नको असेल तर मजकुरातच तसं लिहावं लागतं.

म्हणून शहाणी पद्धत उलटी आहे: आधी घरचा कायदा, मग अनुसमर्थन. भारत-बांगलादेश भूसीमा करार १९७४ चा. त्यात १६२ एन्क्लेव्ह, म्हणजे एकमेकांच्या हद्दीतल्या वस्त्या, अदलाबदल करायच्या होत्या. भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर संविधान दुरुस्ती लागते असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच बेरुबारी प्रकरणात सांगितलं होतं. ती शंभरावी दुरुस्ती २०१५ मध्ये झाली, मग अनुसमर्थनाच्या कागदांची देवाणघेवाण, मग ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल. एक्केचाळीस वर्षं त्या वस्त्यांतल्या लोकांनी काय सोसलं हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण कायद्याच्या दृष्टीने क्रम बरोबर होता.

---

माघारपत्र

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारातच असतं, शेवटच्या दोन पानांत. लोक प्रस्तावना वाचतात. वाचायला हवीत ती अखेरची कलमं.

बाहेर पडण्याचं कलम असेल तर मुदत पाहा. पॅरिस हवामान कराराचं कलम २८: करार लागू झाल्यापासून तीन वर्षं नोटीसच देता येत नाही, आणि दिल्यावर आणखी एक वर्ष थांबायचं. करार ४ नोव्हेंबर २०१६ ला लागू झाला, अमेरिकेने शक्य त्या पहिल्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०१९ ला नोटीस दिली आणि ती ४ नोव्हेंबर २०२० ला लागू झाली. माघारीची घोषणा २०१७ मध्येच झाली होती, पण घोषणेला कायदेशीर अर्थ शून्य. लेखी नोटीस डिपॉझिटरीकडे, म्हणजे कराराची अधिकृत प्रत सांभाळणाऱ्याकडे, पोचते तेव्हा घड्याळ सुरू होतं. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात मुदत तीन महिन्यांची. उत्तर कोरियाने मार्च १९९३ मध्ये नोटीस दिली, मुदत संपायला एक दिवस उरला असताना ती स्थगित केली, आणि जानेवारी २००३ मध्ये सांगितलं की आता फक्त तो एक दिवस बाकी आहे. हा हिशोब ग्राह्य धरायचा का यावर एकमत झालंच नाही.

कलमच नसेल तर? व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं कलम ५६ म्हणतं की पक्षकारांचा तसा हेतू दिसल्याशिवाय किंवा कराराच्या स्वरूपातून तसा हक्क निघत असल्याशिवाय माघार नाही, आणि निघत असेल तेव्हाही किमान बारा महिन्यांची नोटीस. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातून उत्तर कोरियाने १९९७ मध्ये बाहेर पडायचा प्रयत्न केला. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी कळवलं की सर्व पक्षकारांची संमती असल्याशिवाय ते शक्य दिसत नाही, आणि मानवी हक्क समितीनेही त्याच वर्षी माघार घेता येत नाही असं मत दिलं. देश आजही पक्षकार धरला जातो.

सही कुणी करायची हे जसं संविधानाने ठरतं, तसं माघारीची नोटीस कुणी द्यायची हेही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये रोम संविधीतून माघारीची नोटीस दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कारण संसदेला विचारलं नव्हतं, आणि मार्चमध्ये नोटीस मागे घ्यावी लागली. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१७ च्या मिलर निकालाने युरोपियन युनियनमधून निघण्याच्या नोटिशीबाबत तेच सांगितलं: संसदेच्या कायद्याशिवाय नाही. या दोन्ही निकालांत माघारीवरचा लगाम घरच्याच न्यायालयाने ओढला.

आणि 'खरंच सुटका होते का'? मागचा हिशोब राहतो. फिलिपिन्सची रोम संविधीतली माघार १७ मार्च २०१९ ला लागू झाली, पण सदस्य असतानाच्या काळातल्या कथित गुन्ह्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक करून हेगला नेलं गेलं. गुंतवणूक करारांत तर पुढचाही हिशोब राहतो. तिथे 'सनसेट' कलम असतं: बाहेर पडल्यावरही आधीच्या गुंतवणुकींना इतकी वर्षं संरक्षण. एनर्जी चार्टरमध्ये ही मुदत २० वर्षांची आहे. इटलीची माघार १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. २०१७ मध्ये रॉकहॉपर या तेल कंपनीने त्याच करारावर दावा दाखल केला. २०२२ चा निवाडा कंपनीच्या बाजूने गेला आणि तो २०२५ मध्ये वेगळ्या कारणासाठी रद्द झाला, पण देश बाहेर पडल्यावरही खटला उभा राहिला ही गोष्ट त्याने बदलत नाही.

'परिस्थिती बदलली' हा मार्ग (व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं कलम ६२) विसरा. हंगेरीने डॅन्यूबवरच्या धरणांचा १९७७ चा करार राजकीय व्यवस्था, अर्थकारण आणि पर्यावरणाचं ज्ञान बदलल्याच्या कारणावरून १९९२ मध्ये संपवल्याचं जाहीर केलं. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने करार अजून जिवंत असल्याचं सांगितलं. सीमा ठरवणाऱ्या करारांना तर हे कलम लागूच होत नाही.

---

दुसरी_बाजू

आतापर्यंतची उत्तरं अचूक आहेत, पण सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: देश स्वतःच्या संमतीने बांधला जातो, म्हणून सार्वभौमत्व शाबूत. हे १९२३ च्या विम्बल्डन निकालाचं सूत्र. कील कालव्यातून जहाज अडवणाऱ्या जर्मनीला तेव्हाच्या स्थायी न्यायालयाने (आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पूर्वसुरीने) सांगितलं की करार करण्याचा हक्क हा सार्वभौमत्वाचाच भाग आहे. सूत्र बरोबर आहे, पण तिथे अर्थ लावला जात होता व्हर्सायच्या तहाचा, हरलेल्या देशावर लादलेल्या तहाचा. संमती किती खरी असते हे तपासायला हवं. माझ्या मते तीन जागी ती फार पातळ होते.

पहिली, सुरक्षा परिषद. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २५ सदस्यांवर परिषदेचे निर्णय बंधनकारक करतं आणि कलम १०३ सनदेला इतर सर्व करारांच्या वर ठेवतं. २८ सप्टेंबर २००१ च्या ठराव १३७३ ने दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्ध कायदे करायला सगळ्या देशांना सांगितलं. पंधरा देशांनी मत दिलं आणि उरलेल्या साऱ्या जगाला घरचे कायदे बदलावे लागले. कलम २(७) देशांतर्गत बाबींत हस्तक्षेप नको म्हणतं, पण त्याच वाक्याच्या शेवटी सातव्या प्रकरणातल्या (शांततेला धोका असताना परिषदेने करायच्या सक्तीच्या) कारवाईचा अपवाद आहे. लोक ते कलम उद्धृत करताना शेपूट सोडून देतात. याला प्रतिकार झाला तो युरोपच्या न्यायालयात: २००८ च्या कादी निकालाने परिषदेच्या दहशतवाद-संशयितांच्या यादीवरून मालमत्ता गोठवणारा युरोपियन नियम कादी या सौदी व्यावसायिकापुरता रद्द केला, कारण बाजू मांडायची संधीच नव्हती.

दुसरी, मौन म्हणजे होकार. जागतिक आरोग्य संघटनेचे आरोग्य नियम, जहाजांच्या सुरक्षेच्या करारातल्या तांत्रिक दुरुस्त्या, यांत नकार कळवायची मुदत असते. गप्प बसलेला देश बांधला जातो. आरोग्य नियमांच्या २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ ला अशाच लागू झाल्या. ज्यांच्याकडे या मुदतींची वही ठेवणारा पूर्णवेळ अधिकारी नाही, अशा छोट्या देशांचं काय होत असेल याचा विचार करा.

तिसरी सर्वांत कमी चर्चिली जाते: सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचं कलम, म्हणजे तिसऱ्या देशाला दिलेली अधिक चांगली वागणूक आपल्यालाही मिळेल असं वचन. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०११ मध्ये भारताविरुद्ध जिंकलेला दावा पाहा. भारत-ऑस्ट्रेलिया करारात 'हक्क बजावण्याची परिणामकारक साधनं' देण्याचं वचन नव्हतंच. ते भारत-कुवेत करारात होतं. लवादाने पसंतीच्या कलमाच्या पुलावरून ते इकडे आणलं आणि भारतीय न्यायालयांतल्या विलंबासाठी भारताला जबाबदार धरलं. म्हणजे एका देशाला दिलेलं वचन दुसऱ्याने वसूल केलं. त्यानंतर भारताने नवा नमुना करार तयार केला, त्यातून हे कलम काढलं, देशांतर्गत उपाय आधी वापरण्याची पाच वर्षांची अट घातली आणि जुने बहुतेक गुंतवणूक करार संपवले. संमती खरी हवी असेल तर मसुद्यात इतकं बारीक बघावं लागतं.

---

शोधयात्री

फार उपयोगी माहिती. दोन उपप्रश्न. 'करार मान्य, पण अमुक कलम नको' असं म्हणत सामील होता येतं ना? आणि सध्या महामारी कराराबद्दल तीच 'सार्वभौमत्व गेलं' ओरड ऐकू येते, तिथे वर सांगितलेलं कसं लावायचं?

---

माघारपत्र

त्याला राखीव अट, म्हणजे रिझर्व्हेशन म्हणतात. व्हिएन्ना कन्व्हेन्शनच्या कलम १९ प्रमाणे ती सही, अनुसमर्थन किंवा प्रवेश यांच्या वेळीच घालायची, नंतर नाही. आणि कराराच्या हेतूशी विसंगत असेल तर चालत नाही. काही करार तिला दारच बंद करतात: रोम संविधीचं कलम १२०, सागरी कायद्याच्या कराराचं कलम ३०९.

वेळ चुकली तर काय, याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून वाचा. बोलिव्हियाला कोकाची पानं चघळण्याची परंपरा जपायची होती, पण १९६१ च्या अमली पदार्थ करारात सामील होताना अट घातली नव्हती. त्यांनी करार सोडला, माघार १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली, आणि अटीसह परत प्रवेश मागितला. त्या करारात एक तृतीयांश पक्षकारांनी हरकत घेतली तरच अट पडते. हरकती आल्या पंधरा. २०१३ च्या सुरुवातीला बोलिव्हिया अटीसह आत आला.

त्रिनिदाद आणि टोबॅगोने १९९८ मध्ये हीच चाल केली. नागरी हक्क कराराला जोडलेल्या, वैयक्तिक तक्रारींच्या प्रोटोकॉलमधून बाहेर पडून, फाशीच्या कैद्यांच्या तक्रारी वगळणारी अट घालून लगेच परत आला. मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये ती अट अवैध ठरवली आणि तक्रार ऐकायला घेतली; २००० मध्ये देश प्रोटोकॉलमधून कायमचा बाहेर गेला. बोलिव्हियाच्या करारात अटीचं भवितव्य हरकतींच्या मोजणीवर ठरत होतं. त्रिनिदादच्या बाबतीत तसं गणित नव्हतं आणि अट हेतूच्या कसोटीवर पडली. शिवाय अट अवैध ठरली की देश बाहेर समजायचा की अटीशिवाय आत, हा धोका असतोच. १९८८ च्या बेलिलोस निकालात युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडला अटीशिवाय बांधलेलं धरलं.

---

कलमवाचक

महामारी करार मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्य सभेने स्वीकारला. स्वीकारणं म्हणजे मजकूर ठरला, कुणी बांधलं गेलं नाही. रोगजंतूंचे नमुने आणि लाभांच्या वाटपाचं परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय तो सहीसाठी उघडतही नाही, आणि लागू व्हायला ६० अनुसमर्थनं लागतात. टाळेबंदी, लससक्ती, प्रवासबंदी यांचा आदेश देण्याचा अधिकार संघटनेच्या सचिवालयाला नाही, हे त्यात स्वतंत्र कलमात लिहिलं आहे. तेव्हा त्या मुद्द्यावरची ओरड मजकुराशी जुळत नाही.

आरोग्य नियमांशी मात्र याची गल्लत करू नका. ते वेगळं दस्तऐवज आहे आणि वर दुसरी_बाजू यांनी सांगितलेली मौनाची पद्धत त्यालाच लागू होते. ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी आपल्या खासदाराला हे विचारावं: नियमांच्या पुढच्या दुरुस्तीत नकाराची मुदत कोणत्या तारखेला संपते, ती तारीख कोणत्या मंत्रालयाकडे नोंदवली आहे, आणि त्याआधी संसदेच्या कोणत्या समितीपुढे मसुदा येणार आहे? २०२२ च्या बदलाने पुढच्या दुरुस्त्यांसाठी ही मुदत अठरा महिन्यांवरून दहावर आली आहे. मसुदा समितीपुढे यायला उशीर झाला तर चर्चा होईपर्यंत नकार द्यायची वेळ निघून गेलेली असेल.